मुंगी पाळावी, पण आपल्याच अंगणातली

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत, पाड्यांवर संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. त्यांत वाळवी असते, तशा मुंग्याही असतात. सकाळी ओट्यावर आणि पडवीत पंखांचा सडा पडलेला दिसतो. तो झाडून टाकला, की त्या रात्रीचा विषय संपतो. ‘मुंगीला पंख फुटले’ असे आपण म्हणतो तेव्हा तिचा शेवट जवळ आला, असे आपल्याला सुचवायचे असते. बहुतेक पंखवाल्यांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पाली, बेडूक, पाखरे त्यांचा फडशा पाडतात आणि नर तर मिलनानंतर फार काळ जगतच नाहीत. पण जी एखादी मादी वाचते, तिच्या संसाराला या पंखांपासूनच सुरुवात होते. ती उडते ती आयुष्यात एकदाच. मिलनाच्या वेळी मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या एका पिशवीत जन्मभर पुरतील असे साठवते, खाली उतरून आपले पंख आपणच गाळते आणि ओल्या मातीत शिरते. एका राणीच्या वसाहतीत पुढे कैक वर्षे जन्मणारी प्रत्येक मुंगी या एकट्या मादीच्या पोटची असते.

अशी पंख गाळलेली राणी काचेच्या नळीत ठेवून तिच्यापासून वसाहत वाढवायची, हा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे आणि आता आपल्याकडच्या शहरांतही त्याची चाहूल लागली आहे. हौशी मंडळींची सर्वांत जास्त ओढ असते ती उष्ण कटिबंधातल्या मुंग्यांकडे. आकाराने मोठ्या, रंगाने उठावदार आणि थंडीत झोपी न जाता वर्षभर कामाला जुंपलेल्या मुंग्या त्यांना हव्या असतात. लंडनच्या किंवा बर्लिनच्या माणसाला त्यासाठी दूरदेशीची राणी विकत घ्यावी लागते आणि तिला ऊब देणारे यंत्र लावावे लागते. माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या खाली राहणाऱ्या माणसाच्या तर उंबऱ्याशीच उष्ण कटिबंध आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की मुंगी पाळण्यात खरा अर्थ आहे, पण तो अर्थ मुंगी आपल्याच अंगणातली असेल तेव्हाच हाती लागतो. दुरून आणलेली, विकत घेतलेली मुंगी ही निव्वळ शोभेची वस्तू होते. आपल्या बांधावरची मुंगी पाळली, तर काचेच्या आत जे दिसते त्याचा बाहेरच्या जगाशी रोज ताळा घेता येतो.

आधी हे पाळणे म्हणजे नेमके काय, ते पाहू. परीक्षानळीचा तळाकडचा तिसरा हिस्सा पाण्याने भरायचा, त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवायचा, मोकळ्या भागात राणी सोडायची आणि तोंडाशी दुसरा बोळा लावायचा. ओल्या कापसातून तिला पाणी मिळते आणि हवा दमट राहते. नळी अंधारात, जिथे धक्का लागणार नाही अशा जागी ठेवायची. काळा मुंगळा, ज्याला काही भागांत डोंगळा म्हणतात, त्याच्या राणीला या काळात अन्नही द्यावे लागत नाही. उडण्यासाठी लागणारे दणकट स्नायू आता तिच्या उपयोगाचे नसतात. ते आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिल्या अळ्यांना स्वतःच्या तोंडातून भरवते. अंडी, अळ्या, कोष आणि मग अंगाने किरकोळ अशा पहिल्या काही कामकरी मुंग्या, एवढा प्रवास काही आठवड्यांचा असतो. त्या बाहेर पडल्या, की साखरपाण्याचा थेंब आणि मारलेल्या किड्याचा तुकडा द्यायला सुरुवात करायची. साखर ही चालत्या-फिरत्या मुंग्यांची शिदोरी असते, तर किड्यांतली प्रथिने अळ्यांच्या वाढीला लागतात. संख्या वाढल्यावर नळी एका डब्यात ठेवायची आणि डब्याच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडरीचा गुळगुळीत पट्टा द्यायचा, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. मुंग्यांना लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, म्हणून नळीवर लाल जिलेटिन कागद गुंडाळला तर त्यांचा अंधार न मोडता त्यांच्याकडे पाहता येते. इथे ऊब देण्याची गरज नाही, पण काळजी उलट बाजूने घ्यावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात नळीतली हवा फुगून पाणी कापसातून पुढे ढकलले जाते आणि मुंग्या बुडतात. पावसाळ्यात उरलेल्या अन्नावर एका दिवसात बुरशी धरते. थोडक्यात, खर्च काही रुपयांचा आहे आणि लक्ष मात्र रोजचे हवे.

एवढे करून मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासात आहे. इंग्लंडमधले जॉन लबक यांनी दोन काचांच्या मधल्या मातीत मुंग्या पाळल्या आणि १८८२ साली त्यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाला न दिसणारे अतिनील किरण मुंग्यांना जाणवतात, हे त्यांनी दाखवले. त्या किरणांत ठेवलेले कोष मुंग्या उचलून दुसरीकडे नेत असत, एवढ्या साध्या निरीक्षणावर तो निष्कर्ष उभा होता. त्यांनी पाळलेली एक राणी जवळजवळ १५ वर्षे जगली. एवढासा कीटक इतकी वर्षे जगतो, हे जमिनीखालच्या बिळाकडे बघत बसून कोणाला कळले असते? आपल्या पश्चिम घाटातलेही एक उदाहरण आहे. ‘हार्पेग्नाथोस सॉल्टेटर’ नावाची उडी मारणारी भारतीय मुंगी कर्नाटकातून नेलेल्या वसाहतींमुळे आज अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत नांदते. या मुंगीची राणी मेली, की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी द्वंद्वे खेळतात. ती अनेक दिवस चालतात आणि जिंकणाऱ्या मुंग्या अंडी घालू लागतात. त्यांचे आयुष्य साधारण सात महिन्यांवरून चार वर्षांपर्यंत लांबते आणि मेंदू सुमारे पाव हिश्श्याने आक्रसतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अशा मुंगीला पुन्हा कामकरी व्हावे लागले, तर तो मेंदू पूर्ववत वाढतो. जीवशास्त्राला विचार करायला लावणारी ही गोष्ट पाळलेल्या वसाहतीतच कळू शकली, कारण त्यासाठी एकेका मुंगीवर खूण करून तिचा महिनोन्‌महिने माग ठेवावा लागतो.

मात्र या पुराव्याची दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२० च्या दशकात पुण्यात मुंबई सरकारच्या आकडेवारीच्या कामावर होते. त्यांनी पुण्याच्या आसपासच्या मुंग्यांवर लिहिलेला लेख १८३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पावसाने भिजलेले गवताचे बी मुंग्या बिळाबाहेर आणून उन्हात वाळत घालतात, हे त्यांनी पाहून नोंदवले आणि त्या मुंगीच्या शास्त्रीय नावातच दूरदृष्टीचा अर्थ घातला. भिजलेले भात खळ्यावर वाळत घालणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण त्या काळच्या युरोपातल्या अभ्यासकांना मुंग्या धान्य साठवतात हेच खरे वाटत नव्हते. गोड पदार्थांच्या मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यावर मुंग्या भिंतीवर चढल्या आणि तिथून त्यांनी मेजावर उड्या टाकल्या, ही साइक्स यांची नोंद पुढे जगभर उद्धृत झाली. घाटातल्या झाडांवर शेणाच्या गोळ्यासारखे दिसणारे घरटे बांधणाऱ्या मुंगीचेही त्यांनी वर्णन केले. त्यानंतर १८९२ साली, ज्या वर्षी शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला पोचले, त्याच वर्षी मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. वर्गीकरणासाठी ते इथल्या मुंग्या स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवत. साइक्स यांनी मुंगळा डब्यात ठेवून साखर दिली असती, तर ती भिंतीवरची चढाई त्यांना कधीच दिसली नसती. डब्यातल्या मुंगीसमोर तेवढेच प्रश्न येतात, जेवढे आपण ठेवतो. रानातल्या मुंगीसमोर ऊन, पूर, शत्रू आणि शेजारी नवे नवे प्रश्न मांडत असतात.

म्हणजे काचेमागे जे कळते ते बाहेर कळत नाही आणि बाहेर जे कळते ते काचेमागे कळत नाही. दोन्ही हवे असेल, तर पाळलेली मुंगी आणि बाहेरची मुंगी एकाच जातीची, एकाच मातीतली हवी. याचा एक दाखला घेऊ. मुंग्या तोंडात अंडी धरून निघाल्या, की पाऊस येणार, हे आपल्याकडे लहानथोर सगळे मानतात. त्यांच्या तोंडात आपल्याला दिसतात त्या बहुधा अळ्या आणि कोष असतात, अंडी फार बारीक असतात. पण मूळ समजूत खरी आहे का? पश्चिम बंगालमध्ये मोहनपूरच्या आयसर संस्थेत सुमना अन्नागिरी आणि त्यांचे सहकारी ‘डायकॅमा इंडिकम’ या बिनराणीच्या मुंगीच्या वसाहती ठेवून तिच्या स्थलांतराचा अभ्यास करतात. जागा बदलताना वाट ठाऊक असलेली एक मुंगी दुसरीला पाठीशी घेऊन नव्या घरापर्यंत नेते, अशी जोड्याजोड्यांनी सारी वसाहत हलते. पावसाच्या प्रश्नाचा शोध शहापुरातली एखादी शाळाही घेऊ शकते. वर्गात मुंगळ्यांची एक वसाहत, अंगणात त्याच मुंगळ्यांची चार बिळे आणि एक वही एवढे साहित्य पुरे. कोणत्या दिवशी कोष हलवले, वर्गातल्या मुंग्यांनी, की बाहेरच्यांनी, की दोघींनीही? त्यापुढे कृषी विभाग रोज जाहीर करतो तो आपल्या महसूल मंडळाचा पाऊस लिहायचा. छपराखालच्या, पुराचा धोका नसलेल्या मुंग्याही पावसाआधी हलल्या, तर हवेतल्या बदलाची चाहूल त्यांना लागते असे मानायला जागा आहे. फक्त बाहेरच्याच हलल्या, तर त्या पाणी शिरल्यामुळे निघाल्या असाव्यात. असा ताळा दूरदेशीच्या मुंगीबाबत घेताच येत नाही, कारण तिचा पाऊस इथे पडत नाही आणि तिची माती इथे नाही.

दूरदेशीच्या मुंगीची किंमत आणखी एका बाजूने मोजावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये केनियात बेल्जियमचे दोन तरुण सुमारे ५,००० राणी मुंग्यांसह पकडले गेले. राण्या कापूस घातलेल्या नळ्यांत होत्या आणि तशा नळीत त्या दोन महिने तग धरू शकल्या असत्या. त्यांना आणि अशाच प्रकरणात सापडलेल्या आणखी दोघांना न्यायालयाने मे महिन्यात प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड ठोठावला. ज्या जातीची ही लूट चालली होती, ती तिथल्या गवताळ रानात बिया गोळा करणारी मुंगी आहे. एक राणी उचलली म्हणजे एक अख्खी भावी वसाहत उचलली, आणि अशा हजारो उचलल्या तर गवताच्या बिया इकडून तिकडे नेणारे हातच कमी होतात. उलट बाजूने, परकी मुंगी निसटली तर काय होते तेही जगाने पाहिले आहे. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी तांबड्या खेकड्यांचा लाखोंनी संहार केला आणि तिथल्या जंगलाची रचनाच बदलली. म्हणून अमेरिकेत जिवंत राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाही कृषी खात्याचा परवाना लागतो. आपल्याकडेही परदेशातून जिवंत कीटक आणायला परवाना लागतो, आणि अभयारण्यातून कोणताही वन्यजीव परवानगीविना उचलता येत नाही. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीतली मुंगी हद्दीतच राहिली पाहिजे.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मुळात मुक्या जिवाला कोंडायचे कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. मुंगीला यातना होतात का, याचे पक्के उत्तर विज्ञानाकडे नसले तरी सावधपणाने वागण्यासाठी ती शंकाच पुरेशी आहे. पण पोपट पिंजऱ्यात घालणे आणि राणी मुंगीला दमट अंधारी पोकळी देणे यांत फरक आहे. पोपटाचे आयुष्य उडण्यात आहे. राणीने उडणे स्वतःच सोडलेले असते आणि पुढचे सारे आयुष्य ती मातीतल्या कोठडीतच काढते. पहिल्या पावसातल्या राण्यांपैकी बहुतेक सगळ्या वसाहत उभी राहण्याआधीच मरतात, त्यामुळे ओट्यावरून उचललेल्या एका राणीने गावातल्या मुंग्या घटत नाहीत. याच कारणाने उभी वसाहत खणून काढणे मात्र पूर्णपणे गैर आहे, कारण ती त्या कसोटीतून तावून-सुलाखून निघालेली असते. शिवाय आपल्या अंगणातल्या मुंगीला परतीची वाट असते. वर्ष-दीड वर्षाने ती वसाहत जिथली तिथे, मऊ मातीत सोडून देता येते. परदेशी वसाहत नकोशी झाली तर तिला मारण्यावाचून प्रामाणिक उपाय राहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आपल्या मुंग्या रोजच्याच, त्यांत पाहण्यासारखे काय? उत्तरादाखल आंब्यावरच्या तांबड्या मुंग्याच घ्या, कोकणात ज्यांना कुठे ओंबील, कुठे हुमले म्हणतात. पाने शिवून घर करणारी ही मुंगी सुई म्हणून स्वतःच्या अळीचा उपयोग करते. काही मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात आणि दोन पाने जवळ ओढतात. दुसऱ्या मुंग्या तोंडात अळी धरून तिच्या रेशमाने ती सांधतात. एक वसाहत अनेक झाडांवरच्या कितीतरी घरट्यांत पसरलेली असते. अशा मुंगीला डब्यात कोंडणे म्हणजे तिचे कसबच काढून घेणे. तिला पाळायचे तर झाडावरच पाळावे. चीनमध्ये इ. स. ३०४ च्या सुमाराच्या, जी हान यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात आणि संत्रावर्गीय झाडांवर कीड पडू नये म्हणून बागेत सोडली जात, अशी नोंद आहे. पुढे एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी तिथले बागाईतदार बांबूचे पूल बांधत. कीड आवरण्यासाठी माणसाने दुसरा जीव वापरल्याची ही जगातली सर्वांत जुनी ज्ञात नोंद समजली जाते. ऑस्ट्रेलियात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी आंबा आणि काजूच्या बागांत हाच उपाय आधुनिक पद्धतीने तपासला आणि तो लागू पडतो हे दाखवले. या मुंग्या फळे उतरवताना चावतात आणि पिठ्या ढेकणांसारख्या रसशोषक किडींना मधासारख्या स्रावासाठी सांभाळतात, ही अडचण खरी आहे. त्यासाठी पेंग यांनी मुंग्यांना धक्का न लावणाऱ्या सौम्य औषधांची जोड दिली. रोजची म्हणून आपण जिच्याकडे पाहत नाही, तिच्यात शिकण्यासारखे एवढे आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. शाळेत वाचन-गणिताची ओरड असताना मुंग्यांचे हे लाड कशाला, असे तो विचारेल. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि या दोन तालुक्यांत आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा पाड्यापाड्यांपर्यंत आहेत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरांतली मुले तिथे शिकतात. खाचराच्या बांधावर, वरकस जमिनीवर, मोहाखाली आणि करवंदीच्या जाळीत काय चालते, ते या मुलांना शहरातल्या मुलांहून कितीतरी जास्त ठाऊक असते. पण शाळेच्या इमारतीत ते ज्ञान शिरत नाही, कारण तिथे त्याला प्रश्नाचे रूप कोणी देत नाही. मुंग्यांची वही ठेवणारे मूल मोजते, तारीख घालते, बेरीज करते, दोन आठवड्यांची तुलना करते आणि जे पाहिले ते दोन ओळींत लिहिते. गणित आणि भाषा याहून वेगळी कशी शिकवायची? प्रयोगशाळेचे सामान नाही म्हणून विज्ञान होत नाही, ही तक्रारही इथे लागू होत नाही.

मुंग्या ठेवणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. राणी अंगणातलीच घ्यावी, अभयारण्यातली नको. एक नळी, एक राणी. सुरुवात काळ्या मुंगळ्यापासून करावी. तो चावतो, पण त्याला नांगी नसते. नांगी मारणाऱ्या जातींच्या वाटेला मुलांनी जाऊ नये. विकतची राणी घेऊ नये आणि कोणाला विकूही नये. फवारणी झालेल्या शेतातले किडे खाऊ घालू नयेत. वसाहत सांभाळणे जमेनासे झाले, तर जिथून राणी घेतली तिथेच ती सोडावी, दुसऱ्या गावात नको. आणि वर्गात जेवढा वेळ नळीकडे पाहिले, निदान तेवढाच वेळ बाहेरच्या बिळाशी बसावे. पुढच्या मृगात दिव्याखाली पंखांचा सडा पडेल, तेव्हा झाडू उचलण्याआधी एकदा वाकून पाहा. पंख गाळून भिंतीच्या कडेने जागा शोधत निघालेली एखादी राणी तिथे असेल. तिला नळीत घ्या किंवा वाट मोकळी करून द्या. पण तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.